लाइट गेली तर फोन वाजेल का?

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लाइट कधी जाईल याचा नेम राहत नाही. जुना लँडलाइन फोन अशा वेळीही वाजायचा. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून, बोलणं वाहून नेणाऱ्या त्याच दोन तारांवरून यायची. नेटवर्कच्या केबलवर चालणाऱ्या आयपी फोनने ही सोय हिरावली. पण पूर्ण नव्हे.

येलिंक कंपनीचे टी३१, टी३१पी आणि टी३१जी हे आयपी फोन समोर ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत. स्क्रीन तोच, बटणं तीच, लाइनही दोन-दोनच. फरक पाठीमागच्या लेबलवर. साध्या टी३१ला भिंतीतला अडॅप्टर लागतो; ‘पी’वाला नेटवर्कच्या केबलमधूनच, पलीकडच्या स्विचकडून वीज घेतो. म्हणजे स्विच यूपीएसवर असेल, तर लाइट गेली तरी फोन चालू राहतो. या पद्धतीचं, म्हणजे पीओईचं, पहिलं मानक २००३ सालचं. त्यात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज देतो, तीही पुन्हा ४८ व्होल्टच्या आसपास! आंधळेपणाने मात्र देत नाही. आधी किंचित व्होल्टेज सोडून चाचपतो आणि पलीकडे साधारण २५ हजार ओहमचा रोध सापडला तरच पुरवठा सुरू करतो. म्हणून त्याच पोर्टला चुकून लॅपटॉप जोडला तरी जळत नाही.

‘जी’ म्हणजे गिगाबिट. पीओई त्यातही आहेच. विक्रेते इथे आवाजाच्या दर्जाचा हवाला देतात, तो ऐकू नये. नेहमीच्या जी.७११ पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिटांचे. म्हणजे ६४ किलोबिट. पाकिटांवरचे पत्ते वगैरे धरून ८७ च्या आसपास. १०० मेगाबिटच्या फोनला हे किरकोळ आहे.

गिगाबिटची गरज असते ती कॉम्प्युटरला. टेबलापर्यंत एकच केबल आली असेल, तर कॉम्प्युटर फोनच्या दुसऱ्या पोर्टवर बसतो आणि त्याच्या सगळ्या फाइली फोनमधून जातात. धुळ्यातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात सर्व्हरवर मोठा बॅकअप चालला असेल, तर १०० मेगाबिटचा फोन वाट अडवणारच. कॉम्प्युटरला वेगळी केबल असेल, तर ‘जी’चे पैसे वाया.

काही डेस्क फोनची कामाची मर्यादा ४० अंशच असते. खानदेशात तोही आकडा वाचून घ्यावा.

थोडक्यात, इथे पीओईवाला फोन हवाच, मग तो ‘पी’ असो वा ‘जी’. मात्र पीओई स्विचसोबत फायबरचा डबा, राउटर आणि ऑफिसातलं एक्स्चेंजही यूपीएसवर घ्या. नाहीतर फोनचा स्क्रीन उजळलेला राहील आणि कॉल मात्र लागणार नाही.