वेदीवरून दालनात : फ्लोरेन्सची चित्रे आणि चर्च

युरोपच्या सहलीत कॅथीड्रल आणि कलासंग्रहालय ही दोन स्वतंत्र ठिकाणे मानली जातात आणि वेळ कमी पडला, तर त्यांपैकी एकावर काट मारली जाते. इटलीतील फ्लोरेन्समध्ये मात्र ही विभागणी टिकत नाही. कारण तेथील उफिझी संग्रहालयाच्या सुरुवातीच्या दालनांतील बरीच चित्रे मुळात संग्रहालयासाठी काढलेलीच नव्हती. ती वेदीचित्रे होती, म्हणजे चर्चमधील ज्या चौथऱ्यापाशी धर्मगुरू मुख्य विधी करतो, त्याच्या मागे उभी करण्यासाठी लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रे. अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि सोन्याचा वर्ख ही त्यांची सामग्री. मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात हा वर्ख उजळावा आणि गुडघे टेकलेल्या माणसाची नजर वर जावी, या हिशेबाने त्यांची रचना झालेली असे.

उफिझीच्या एकाच दालनात मेरी आणि बालयेशूची तीन प्रचंड चित्रे आहेत. चिमाबुएचे चित्र सांता त्रिनिता या चर्चमधून आले. दुच्चोचे चित्र सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमधील एका भक्तमंडळाने 1285 मध्ये लेखी करार करून काढवून घेतले. तर ज्योत्तोचे, साधारण 1310 च्या सुमाराचे चित्र ओन्यीसान्ती चर्चसाठी होते. विषय तिन्ही ठिकाणी एकच असला, तरी चिमाबुएचे देवदूत सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना एकावर एक रचल्यासारखे दिसतात, आणि ज्योत्तोची मेरी मात्र खरोखर बसलेली आहे : तिच्या निळ्या झग्याखाली गुडघ्यांचा आकार जाणवतो, सिंहासनाच्या बाजूच्या पोकळीतून मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे डोकावतात आणि पुढे गुडघे टेकलेले देवदूत फुलदाण्या धरून आहेत. सपाट फळीवर माणसाचे वजन आणि त्याच्याभोवतीची जागा दाखवण्याचा जो ध्यास पुढे दोन शतके युरोपीय चित्रकलेने घेतला, त्याची चाहूल येथे लागते. ही तिन्ही चर्च आजही त्याच शहरात, पायी जाण्याच्या अंतरावर उभी आहेत, ही फ्लोरेन्सची खरी श्रीमंती होय. चित्र कोणत्या उंचीच्या, कोणत्या अंधाराच्या वास्तूसाठी होते, हे तेथे आधी जाऊन आलेल्यालाच दालनात उमगते.

कॅथीड्रल म्हणजे बिशपचे, अर्थात त्या धर्मप्रांताच्या प्रमुखाचे, आसन असलेले चर्च. फ्लोरेन्सच्या सांता मारिया देल फियोरे या कॅथीड्रलचे काम 1296 मध्ये सुरू झाले, परंतु घुमटाची जागा अनेक दशके उघडीच राहिली. कारण एवढ्या रुंदीवर कमान पेलणारा लाकडी साचा उभारणे व्यवहार्य नव्हते. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात तसा साचा न वापरताच घुमट बांधला. त्यासाठी त्याने एकात एक अशी दोन कवचे योजली आणि आडव्या विटांच्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालून अशी वीण साधली, की ओला थरही आत घसरू नये. माथ्यावर नेणाऱ्या 463 पायऱ्यांचा वरचा भाग या दोन कवचांमधूनच जातो, त्यामुळे चढणाऱ्याला घुमटाचे बांधकाम आतून पाहता येते.

एवढ्या भव्य वास्तूचा अंतर्भाग ओकाबोका दिसतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. गायकवृंदासाठी घडवलेले संगमरवरी सज्जे आता मागच्या बाजूच्या कॅथीड्रल संग्रहालयात आहेत. समोरच्या बाप्तिस्मागृहाच्या ज्या सोनेरी दरवाजापाशी लोक गर्दी करून छायाचित्रे काढतात, तोही शिल्पकार गिबेर्तीने घडवलेल्या दरवाजाची प्रतिकृती आहे. 1966 च्या महापुरात मूळ दरवाजाचे काही फलक निखळले होते आणि तो आता त्याच संग्रहालयात जपलेला आहे. फ्लोरेन्सच्या राज्यकर्त्या मेदिची घराण्यातील अखेरची वारस आन्ना मारिया लुइझा हिने 1737 च्या कराराने घराण्याचा कलासंग्रह शहराबाहेर नेण्यास मनाई केली नसती, तर उफिझीतील ठेवाही एव्हाना विखुरला असता. तिचे ऋण मोठे आहे.

उफिझीशेजारून वाहणाऱ्या आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेकडे गेल्यास कॅशिने उद्यानाच्या टोकाशी मराठी प्रवाशाने अवश्य थांबावे असे एक स्मारक आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 1870 मध्ये फ्लोरेन्समध्ये निवर्तले आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. सहलकंपन्यांच्या कार्यक्रमात हे ठिकाण क्वचितच असते, ही खेदाची गोष्ट आहे.

घुमट चढण्यासाठी वेळ आधी आरक्षित करावी लागते, उफिझी सोमवारी बंद असते आणि चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. फ्लोरेन्ससाठी दोन दिवस मिळत असतील, तर पहिला दिवस चर्चना द्यावा आणि उफिझी दुसऱ्या दिवसासाठी राखावे.