भटकंती मंडळाची वर्गणी आणि ताळेबंद

धारूरचा किल्ला, पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा आणि नायगावचे मयूर अभयारण्य अशी ठिकाणे लाभलेल्या बीड जिल्ह्यात भटकंतीचे किंवा पक्षिनिरीक्षणाचे एखादे छोटे मंडळ स्थापन करायचे झाल्यास, 1860च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान 7 व्यक्ती पुरतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद सहसा 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही होते आणि तिचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला दाखवावे लागतात.

सभासदत्वाचा खरा आधार वर्गणी हा आहे. 1860च्या कायद्यातील कलम 15 प्रमाणे जिची वर्गणी 3 महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्या व्यक्तीला मतदानाचा हक्क राहत नाही आणि तिची सभासद म्हणून गणनाही होत नाही; म्हणून यादीत नावे किती आहेत यापेक्षा त्यांपैकी वर्गणी भरलेली किती, हा प्रश्न वार्षिक सभेत आधी विचारला गेला पाहिजे.

हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते. वार्षिक वर्गणी हे त्या वर्षाचे उत्पन्न असते, परंतु आजीव सभासदाने एकदाच भरलेली रक्कम कायम निधीत, म्हणजे मुद्दल जपून केवळ व्याज वापरायच्या ठेवीत, ठेवणे इष्ट असते, कारण ती दोर, तंबू वा वाहनभाड्यावर खर्चून टाकली तर त्या सभासदाला पुढील अनेक वर्षे द्यायच्या सेवेसाठी पैसाच उरत नाही. सहलीचे शुल्कही वेगळ्या खात्यावर दाखवावे, अन्यथा तोट्यातली सहल वर्गणीच्या आड दडते. सभासदांनी ताळेबंद मागून घ्यावा आणि तो वाचूनच मंजुरीसाठी हात वर करावा.