निळा धूर, काळा धूर

आर्णी रोडवरच्या आमच्या मिस्त्रींनी गेल्या महिन्यात गॅरेजचं शटर कायमचं ओढलं आणि मुलाकडे दिग्रसला निघून गेले. त्या जागेत आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. नेमका त्याच आठवड्यात भाचा आला. ‘मामा, सेकंडहँड ग्लॉस्टर एसयूव्ही बघतोय. सिंगल टर्बो घेऊ की ट्विन?’

इंजिनाच्याच धुरावर फिरून आत जादा हवा कोंबणाऱ्या या टर्बोचं मूळ पार 1905 पर्यंत, आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरच्या पेटंटपर्यंत जातं. मधली जहाजं, विमानं, शर्यती मी सोडून देतो. आमच्यासाठी टर्बो आला 2002 मध्ये, स्कॉर्पिओच्या बॉनेटखाली बसून. सफारी आधीपासून होती, पण ती बड्या लोकांची. स्कॉर्पिओ मात्र मित्राच्या दारात उभी राहिली. 2.6 लिटर, 109 अश्वशक्ती. अठराशे आरपीएमपर्यंत गाडी पेंगायची, आणि मग कुणी पाठीत गुद्दा घालावा तशी उठायची. पांढरकवड्याच्या रस्त्यावर आदिलाबादकडे निघालेले ट्रक ओलांडताना तो मधला उशीर जिवावर यायचा, आणि तरी त्या गुद्द्यासाठीच आम्ही ट्रक शोधायचो.

पुढची दहा वर्षं आमची होती. 2007 मध्ये डिझेल स्विफ्ट आली, 75 अश्वशक्तीची. तेच 1.3 लिटरचं इंजिन पाती फिरणारा व्हीजीटी टर्बो लावला की 90 देतं, हे कळल्यावर माझी झोप उडाली. त्यात ‘फास्ट अँड फ्युरिअस’ची घासलेली सीडी. त्यातली नारिंगी सुप्रा आम्ही फ्रेम थांबवून बघायचो. सुप्राच्या त्या इंजिनात दोन टर्बो पाळीपाळीने कामाला लागायचे. कमी फेऱ्यांवर एकटा, वेग चढला की दुसरा सोबतीला. म्हणजे उशीर गायब! मी मिस्त्रींकडे धावलो. ते डबा खात होते. म्हणाले, ‘दोन टर्बो कायले पायजेत भाऊ? एकाचंच तेल तुमी येळेवर बदलत नाई.’

मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. मी पुण्याच्या एका ट्यूनरकडून माझ्या गाडीला ताकद वाढवणारा बॉक्स बसवून आणला. काळ्या धुराचे लोट निघाले आणि महिनाभरात कळंबच्या रस्त्यावर क्लच जळाला. फोन केला तर ट्यूनर म्हणाला, तुमचं चालवणं चुकतंय. त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. उगीच.

त्याच वर्षी मे महिन्यात मित्राची स्कॉर्पिओ नागपूरहून एका दमात आली. पारा पंचेचाळीसच्या घरात. त्याने दारात येताच चावी बंद केली, नेहमीसारखी. सकाळी निळा धूर. मिस्त्रींनी हवेचा होज काढला, आत बोट घालून टर्बोचा शाफ्ट हलवला आणि मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. शाफ्ट ढिल्या दातासारखा डुलत होता. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या. वणीच्या खाणपट्ट्यातली धूळ स्वस्तातल्या फिल्टरमधून आत गेली होती. ‘हा मिनिटाले लाखावर फेरे मारते. तुमी इंजिन बंद केलं का त्याचं तेल बंद. हा मातर फिरतच रायते, कोरडा.’

दोन टर्बोंचा दबदबा जगातही टिकला नाही. बीएमडब्ल्यूने 2006 मध्ये 335आय मध्ये दोन घातले. तीन-चार वर्षांत ती एकावर आली. त्या एकालाच धूर आत घ्यायला दोन वेगळ्या वाटा दिल्या आणि नाव ठेवलं ‘ट्विनपॉवर टर्बो’! हा बिल्ला दाखवून एका डॉक्टर मित्राने लग्नाच्या पंगतीत माझी जिरवली होती. डॉक्टरसाहेब, एकच आहे हो. आणि सुप्रावाले? ज्यांना खरी ताकद हवी होती त्यांनी दोन्ही टर्बो काढून फेकले आणि एक मोठा बसवला. उशीर पत्करला.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 चे प्रदूषण-नियम आले आणि मारुतीचं डिझेल गेलं. आता पोट्टे सायलेन्सरमध्ये दीडशे-दोनशे रुपयांची शिट्टी ठोकून टर्बोचा आवाज काढत फिरतात, बिनटर्बोच्या गाडीतून. वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडतात आणि कोड आला की अख्खी असेंब्ली बदला म्हणतात. शाफ्टला बोट लावणारा कुणी दिसत नाही.

ग्लॉस्टरचं इंजिन दोन्हीकडे दोन लिटरचंच. एका टर्बोवर 163 अश्वशक्ती आणि 375 न्यूटन-मीटर, दोन टर्बोंवर 218 आणि 480. अडीच टनांच्या आसपासचं धूड ओढायचं तर दुसऱ्याची मदत खरीच. पण त्याबरोबर आणखी नळ्या, झडपा, व्हॅक्यूमचे होज येतात, आणि प्रत्येक जोड हा गळतीचा उमेदवार.

रविवारी अमरावतीला गाडी बघायला गेलो. ट्विनच होती. मी कव्हर उचललं. एका टर्बोपर्यंत बोट कसंबसं पोचलं, दुसरा बॅटरी मारूनही दिसेना. गाडीवाला संशयाने बघत होता. शेवटी दिग्रसला फोन लावला.

‘चालू करून पाच-सात मिनिट आयडलवर राहू द्या,’ मिस्त्री म्हणाले, ‘मंग एकदम रेस द्या. मांगे उभं राहून पाहा. काळा आला तं भाव पाडा. निळा आला तं मले फोन करू नका.’

भाच्याने चावी फिरवली. मी घड्याळ बघत सायलेन्सरमागे उभा राहिलो.