परतलेल्या मेलमधला दुवा

मेल नाकारला गेला की सोबत एक रुक्ष संदेश येतो. कित्येक वर्षं अशा अनेक संदेशांत कारण समजून घेण्यासाठी ओपनएसपीएफ डॉट ऑर्ग या संकेतस्थळाचा दुवा असायचा. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं. सर्व्हर मात्र तोच पत्ता देत राहिले, कारण तो त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेला होता.

त्या पत्त्यातलं एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची डोमेनमालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेननावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, लावलेली यादी. मेल घेणारा सर्व्हर ती तपासतो. जेमतेम एका ओळीची ही नोंद, पण ती लिहिताना भलेभले चुकतात. तपासणीत डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं, तर सगळी नोंदच सदोष ठरते. बिलं पाठवणारी एक सेवा, जाहिरातींची दुसरी, तक्रारींची तिसरी अशी भर पडत गेली की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. तेव्हा हवी असतात उदाहरणं, आणि तीही ताजी.

संकेतस्थळ गेलं तरी एसपीएफचा मूळ नियम सुरक्षित आहे. १९६९ पासून चालत आलेल्या आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत तो २००६ साली ४४०८ या क्रमांकाने आला. २०१४ मध्ये ७२०८ ने त्याची जागा घेतली. प्रसिद्ध झालेली आरएफसी बदलत नाही. चुकांची नोंद वेगळी ठेवतात, नियम बदलायचा तर नवा क्रमांक काढतात. ४४०८ मध्ये एसपीएफसाठी डीएनएसचा स्वतंत्र नोंदप्रकार होता, ७२०८ ने तो काढून टाकला. जुनं मार्गदर्शन कुणी सुधारलं नाही, तर ते वाचणारा आजही चुकीच्या प्रकारात नोंद लावेल.

म्हणून समजावणाऱ्या पानांना अनेकांचे हात लागायला हवेत. विकीवर लिहिणं सोपं, पण स्पॅम उपसायला रोज माणूस लागतो. गिटहब या कोड आणि मजकूर ठेवण्याच्या सेवेवर प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तिच्यामागच्या गिट या प्रणालीमुळे मजकुराची इतिहासासकट प्रत अनेकांच्या संगणकांवर असते. तिथली चर्चा मात्र त्या प्रतीत येत नाही. अशीच सेवा असलेलं गूगल कोड २०१६ मध्ये बंद झालं, हे विसरून चालणार नाही. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनेही २०२० मध्ये गिटहब वापराबद्दल मार्गदर्शन देताना चर्चेच्या प्रती जपण्याचा विचार केला.

जेमॅप या नव्या मेल प्रोटोकॉलची मांडणी या दृष्टीने सर्वांत पटते. त्याचा नियम २०१९ पासून आरएफसी ८६२० मध्ये आहे, समजावणारी पानं जेमॅप डॉट आयओ या स्वतःच्या डोमेनवर आणि त्यांचा मजकूर गिटहबवर. उद्या गिटहब सोडायची वेळ आली तरी वाचकाला पत्ता बदलावा लागणार नाही. फक्त त्या डोमेनचं नूतनीकरण एकाच माणसाच्या खिशावर सोडता कामा नये.