मूत्रपिंडाच्या नोंदी कोण ठेवतं?

सोलापुरात डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला मृत दात्याचं मूत्रपिंड हवं असेल, तर त्याचं नाव रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत जातं. त्यावर प्रादेशिक व राज्य पातळीवर मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ‘रोटो-सोटो’ आणि देशपातळीवर दिल्लीची ‘नोटो’ ही संस्था असते.

या नोंदींना कायद्याचा आधार आहे. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि दाते व प्राप्तकर्ते यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवणं ही केंद्र सरकारची जबाबदारी ठरली. तपशील २०१४च्या नियमांनी ठरवले. आकडेवारी प्रसिद्ध करता येते, रुग्णाची ओळख नाही.

प्रत्यारोपणापर्यंत न पोहोचलेल्यांचं काय? इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीने २००५मध्ये दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची नोंदवही सुरू केली. तिच्या २०१२च्या अहवालात ५२,२७३ रुग्ण होते. मात्र इथे माहिती देणं ऐच्छिक होतं. जो मूत्रपिंडतज्ज्ञापर्यंत पोहोचलाच नाही, तो या वहीत येत नाही. म्हणून असा आकडा वाचताना तो एकूण रुग्णांचा नव्हे, नोंद झालेल्यांचा आहे, हे ध्यानात ठेवावं.