भिंतीवरची नोटीस

आपल्या घराचे आढे वाकले, तर आपण काय करतो? शेजारच्या दोघांना हाक मारतो. टेकू लावतो. बायकापोरांना भावकीतल्या कुणाच्या तरी घरी निजायला पाठवतो. घर आपले, आढे आपले. कुणाला विचारायला जावे लागत नाही.

मुंबईच्या चाळीत तसे नसते. चाळ एका मालकाची, आणि तीत बिऱ्हाडे चाळीस. मालक राहतो दुसरीकडेच. तिसऱ्या मजल्यावरची तुळई गंजली, तर टेकू लावायचा कुणी? आणि चाळ रस्त्यावर कोसळली, तर वाटेने जाणाऱ्याने कुणाचे काय वाकडे केले होते? म्हणून शहरात हे काम महानगरपालिकेकडे दिले आहे. जुनी माणसे तिला अजून म्युनिसिपालिटीच म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

गावोगावची माणसे अशा चाळींत राहतात. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई. एखाद्या दिवशी पुतण्याचा फोन येतो, "काका, आमच्या चाळीवर म्युनिसिपालिटीनं कागद चिकटवलाय. खोल्या खाली करा म्हणतात. काय करू?"

काका सांगतात, "अरे, खोली सोडू नकोस. एकदा सोडलीस की गेलीच म्हणून समज."

सल्ला मायेचा आहे, पण धोक्याचा आहे. तो कागद काय असतो, ते नीट पाहू या.

मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा कायदा १८८८ सालचा आहे. त्यात पुढे पुष्कळ बदल झाले. त्यातले ३५४ वे कलम पडक्या इमारतींबद्दल आहे. एखादी इमारत पडायला आली आहे, तीत राहणाऱ्याला किंवा जवळून जाणाऱ्याला तिच्यापासून धोका आहे, असे आयुक्तांना दिसले, तर ते मालकाला लेखी हुकूम देऊ शकतात. दुरुस्त कर, आधार दे, नाहीतर पाडून टाक. हाच हुकूम म्हणजे नोटीस.

आयुक्त म्हणजे म्युनिसिपालिटीचा मुख्य अधिकारी. नगरसेवकांना लोक निवडून देतात, आयुक्तांना सरकार नेमते. आता एवढ्या मोठ्या शहरात आयुक्त स्वतः चाळ बघायला येत नाहीत. शहराचे वॉर्ड पाडले आहेत. प्रत्येक वॉर्डाचे कार्यालय असते आणि तिथे इंजिनिअर असतात. ते येऊन इमारत पाहतात.

नुसते पाहून भागत नाही. वरून रंग दिलेली भिंत आतून पोकळ असू शकते. वाळवी लागलेला वासा बाहेरून कसा धडधाकट दिसतो, तसेच हे. सिमेंटच्या आतली लोखंडी सळई पाण्याने गंजते. गंजली की फुगते, आणि फुगली की वरचे सिमेंट फोडते. म्हणून खांब आणि तुळया यंत्राने तपासतात. या तपासणीला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. इमारतीला ३० वर्षे झाली, की मालकाने किंवा सोसायटीने ही तपासणी जाणत्या इंजिनिअरकडून करून घ्यावी, असा नियमच आहे.

तपासणीनंतर इमारतीला वर्ग देतात. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-२ बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पण माणसे आत राहिली तरी चालेल. सी-२ ए म्हणजे माणसे बाहेर काढून दुरुस्ती. आणि सी-१ म्हणजे राहण्यास नालायक, रिकामी करून पाडा. पावसाळ्याआधी म्युनिसिपालिटी अशा इमारतींची यादी जाहीर करते. पुतण्याच्या भिंतीवर सी-१ लिहिले असेल, तर दिवस मोजायला हवेत.

कधी कधी मालकाचा इंजिनिअर म्हणतो, "चाळ पाडा." भाडेकरूंचा इंजिनिअर म्हणतो, "दुरुस्त होईल." खरे कोण? मालकाला जागा मोकळी हवी असेल, तर तो मुद्दामही तसा अहवाल आणील, हा संशय काही उगाच नसतो. असा वाद पडला, तर म्युनिसिपालिटीची तज्ज्ञांची समिती दोन्ही अहवाल पाहून ठरवते.

ठरल्यावरही लोक निघाले नाहीत, तर आधी पाणी बंद होते. मग वीज तोडतात. शेवटी पोलीस येऊन माणसांना बाहेर काढतात. म्युनिसिपालिटी स्वतः चाळ पाडते आणि तिचा खर्च मालकाकडून वसूल करते.

वाचायला हे सोपे वाटते. घडते ते वेगळे. २०१३ सालच्या २७ सप्टेंबरला, पहाटेच्या सुमारास, मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ एक पाच मजली इमारत कोसळली. ६१ माणसे मेली. ती इमारत कुणा खाजगी मालकाची नव्हती. खुद्द म्युनिसिपालिटीची होती. राहत होते तिचेच कामगार आणि त्यांच्या घरची माणसे. दुसऱ्याच्या भिंतीवर नोटीस लावणाऱ्याचे स्वतःच्या भिंतीकडे लक्ष नव्हते. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण झाकूनही ठेवता येत नाही.

पुढे २०१७ च्या जुलैत घाटकोपरला एक इमारत पडली. १७ जण गेले. तिथे तळमजल्यावर तोडफोड चालली होती. तळमजल्याच्या खांबाला हात लावणे म्हणजे झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड घालणे. शेजारी असे काही चालले असेल, तर नोटिशीची वाट पाहू नये. मुंबईत १९१६ या क्रमांकावर फोन करून म्युनिसिपालिटीला कळवता येते.

आता काकांच्या भीतीकडे येऊ. खोली सोडली की गेली, हे खरे का?

कायद्याने नाही. म्युनिसिपालिटीने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितले आहे. त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टानेही म्युनिसिपालिटीला घालून दिले, की इमारत पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूची खोली मोजा आणि कुणाकडे किती जागा होती ते लिहून ठेवा. नवी इमारत उठेल, तेव्हा हीच मोजणी कामाला येते.

पण हक्क राहतो म्हणजे छप्पर मिळते, असे नाही. शहराच्या जुन्या भागातल्या उपकर भरणाऱ्या चाळींची दुरुस्ती म्हाडाचे मंडळ पाहते. तिथल्या लोकांना संक्रमण शिबिरात खोली मिळू शकते. ती पुष्कळदा लांब असते. पोरांची शाळा राहते एकीकडे, काम एकीकडे. बाकीच्या कित्येकांना पदरमोड करून भाड्याची जागा शोधावी लागते. नवी इमारत उठायला वर्षे लागतात. लोक नोटीस वाचूनही आत राहतात ते काही अडाणी म्हणून नव्हे. तरी तुळई त्यांची अडचण ऐकून थांबत नाही.

मग काकांनी पुतण्याला काय सांगावे? असे सांगता येईल :

"नोटिशीचा फोटो काढून ठेव. खोली मोजायला साहेब येतील तेव्हा घरात राहा. मोजणीच्या कागदाची नक्कल मागून घे. भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, विजेचं बिल एका पिशवीत घाल. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून वॉर्डात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या."

"आणि सामान, काका?"

"सामानाचं मागनं बघू. पोरांना आणि वहिनीला आज रात्रीच्या गाडीत बसव. मी स्टँडवर येतो."