देवनारच्या डोंगराखालची जमीन

मुंबईत मोकळी जमीन म्हणजे सोनं. पूर्व उपनगरांत हे सोनं देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराखाली दडलेलं आहे. १९२७ पासून शहराचा कचरा इथे पडतो आहे आणि आजवर त्याने सुमारे ३२६ एकर जागा व्यापली आहे. यातली १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. जी जागा शहराला नकोशी होती, तीच आता शहराच्या विस्ताराची जागा ठरते आहे.

पण आधी डोंगर हलायला हवा. महापालिकेच्या २०२५ च्या निविदेनुसार ११० हेक्टरांवरचा अंदाजे १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हटवायचा आहे आणि त्याचा खर्च २,३६८ कोटी रुपये धरला आहे. साधा भागाकार केला तरी एकही सुट्टी न घेता रोज जवळपास १७ हजार टन कचरा उपसावा लागेल. अख्खी मुंबई दिवसाकाठी साधारण साडेसहा-सात हजार टन कचरा करते, म्हणजे हे काम त्याच्या दुपटीहून जास्त आहे. कुजलेला कचरा खणायचा, पसरून वाळवायचा, मग मोठ्या फिरत्या चाळण्यांतून काढायचा. माती भरावाला जाते. प्लास्टिक, कापड, रबर असं जळाऊ सामान सिमेंटच्या भट्ट्यांकडे रवाना होतं. दगडविटा वेगळ्या निघतात. ओला कचरा चाळणीत अडकत असल्याने पावसाळ्यात हे चक्र मंदावतं. मुलुंडला हाच प्रयोग २०१८ मध्ये सुरू झाला. तिथला कचरा सुमारे ७० लाख टन, मुदत सहा वर्षांची. तरीही ती वाढवावी लागली.

नकोसं ते देवनारकडे ढकलण्याची सवय जुनीच आहे. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग १९०६ मध्ये तयार झाला तो कचरागाड्यांसाठी. त्यावर प्रवासी चढले ते १९२४ मध्ये. १९७१ मध्ये कत्तलखाना वांद्र्याहून इथे आला. त्याचं आवार ६४ एकरांचं आहे आणि बकरी ईदच्या आधी तिथे भरणाऱ्या बाजारात अनेक राज्यांतून बकरे येतात. शहरातून हटवलेल्या झोपडपट्ट्यांना जवळच्या शिवाजीनगर-बैंगणवाडीत जागा मिळाली. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत विस्थापित झालेली हजारो कुटुंबं गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींत आली.

याच देवनारचा दुसरा चेहरा हिरवागार आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ पासून इथे आहे. लोकसंख्येचा अभ्यास करणारी राष्ट्रीय पातळीवरची संस्थाही इथलीच. देवनार फार्म रोडवरचा राज कपूर यांचा बंगला २०२३ मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजने विकत घेतला. त्याआधी २०१९ मध्ये चेंबूरचा आर. के. स्टुडिओही याच कंपनीकडे गेला होता. बिल्डरांना इथे काय दिसतं, हे नकाशा उघडला की कळतं. पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये खुला झाला आणि वर्षभरात शिवाजीनगरपर्यंत पोहोचला. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल २०२१ मध्ये सुरू झाला. मेट्रो २ब च्या मंडाळे-डायमंड गार्डन टप्प्यावर एप्रिल २०२५ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. खाडीपलीकडे नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडू लागली. एके काळी मुंबईचं टोक असलेला हा भाग आता दोन शहरांच्या मधोमध आला आहे.

भाव वाढतील, यात शंका नाही. प्रश्न आहे तो इथे आधीपासून राहणाऱ्यांचा.

देवनार ज्या एम पूर्व विभागात येतं, तिथे २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक लोक राहतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात तळाला होता. पण हातावर हात धरून बसलेली ही वस्ती नव्हे. कचरावेचक, भंगारवाले, प्लास्टिकची वर्गवारी करणारे, जरीकामाचे आणि शिवणकामाचे छोटे कारखाने यांवर इथली हजारो घरं चालतात. डोंगर हटला की यातल्या कित्येकांच्या रोजीचा कच्चा मालही जाईल. या लोकांनी डोंगराची किंमतही मोजली आहे. जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनी टिपला होता आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती.

घरं बांधली की विकास झाला, हा हिशेब किती फसवा असतो याचा धडाही इथेच मिळतो. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या, की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. अशा तीन वसाहतींच्या पाहणीत क्षयरोगाचा संबंध उजेड आणि खेळत्या हवेच्या अभावाशी असल्याचं २०१८ मध्ये पुढे आलं. आता तर घरं कचराभूमीवरच उभी राहणार आहेत. अशा जमिनीतून मिथेन वायू निघत राहतो आणि कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी भूजलात उतरतं. कचरा उचलला, की दुसऱ्याच दिवशी पाया घालता येत नाही.

म्हणून पहिली वीट ठेवण्यापूर्वी महापालिकेने तीन गोष्टी कराव्यात. जमिनीतला वायू आणि पाणी यांच्या तपासणीचे निकाल लोकांसमोर मांडावेत. उपसा आणि वर्गवारीच्या कामात इथल्या कचरावेचकांना आधी घ्यावं. मोकळ्या होणाऱ्या जागेत भंगार, जरी आणि शिलाईच्या धंद्यांना परवडतील असे गाळे राखून ठेवावेत. एवढं झालं नाही, तर मेट्रो देवनारहून सुटेल खरी, पण त्यात देवनारचे जुने रहिवासी बसलेले नसतील.